घोट्यावरची न भरणारी जखम : लिव्हेडॉइड व्हॅस्क्युलोपॅथीच्या औषधोपचारांचा आढावा

घोट्यापाशी मसुराच्या दाण्याएवढा जांभळा ठिपका उठतो. दोन-तीन दिवसांत त्याच्या मधोमध कातडी काळवंडते, खपली धरते आणि तिच्याखाली उथळ, वेड्यावाकड्या कडांची जखम उघडी पडते. जखम नखाएवढी, पण कळ अशी की पायावर पांघरूण सोसवत नाही, चपलेचा पट्टा लागू देववत नाही. ड्रेसिंग बदलायचे म्हटले की आदल्या रात्रीपासून धास्ती बसते. जखम भरायला महिने लागतात. भरल्यावर तिथे हस्तिदंती पांढरा, चांदणीसारखा वण राहतो आणि त्याच्या कडेने टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात. तो वण नीट बसायच्या आत शेजारी नवा जांभळा ठिपका उठलेला असतो.

या आजाराचे नाव लिव्हेडॉइड व्हॅस्क्युलोपॅथी. त्वचेतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांत रक्त साकळते, वाहिनी बुजते आणि तिच्या रक्तावर जगणारा त्वचेचा तुकडा मरतो. दरवर्षी लाख लोकांमागे साधारण एकाला तो होतो असा अंदाज आहे. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट असून तो बहुधा ऐन उमेदीच्या वयात गाठतो. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ वैद्यकाला हा आजार या ना त्या नावाने माहीत आहे आणि त्यावर डझनभराहून अधिक औषधे वापरून झाली आहेत. तरीही खास याच आजारासाठी म्हणून मान्यता मिळालेले औषध अजून एकही नाही. जे काही दिले जाते ते दुसऱ्या आजारासाठी तयार झालेले, इथे अनुभवाने वापरले जाणारे. कोणत्या औषधामागे कोणता विचार आहे, पुरावा किती आहे आणि कोडे कुठे अडले आहे, याचा हा आढावा.

नाव बदलले, तसे औषध बदलले

पांढऱ्या वणांचे वर्णन आधी झाले. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ मिलियाँ यांनी १९२९ मध्ये त्यांना 'आत्रोफी ब्लांश', म्हणजे पांढरा क्षय, असे नाव दिले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील फेल्डेकर, हाइन्स आणि किअरलँड यांनी १९५५ मध्ये पायांवर निळसर जाळी उमटणाऱ्या आणि उन्हाळ्यात व्रण होणाऱ्या रुग्णांची नोंद केली. १९६७ मध्ये बार्ड आणि विंकलमन यांनी सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र तपशिलात मांडले. त्यांनी दिलेल्या नावात मात्र 'व्हॅस्क्युलायटिस' हा शब्द होता. त्याचा अर्थ रक्तवाहिनीचा दाह.

हा एक शब्द रुग्णांना महागात पडला. दाह म्हटला की हात आपोआप स्टेरॉइडकडे जातो. प्रेडनिसोलोन, ॲझाथायोप्रिन, डॅप्सोन अशी दाह किंवा प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे वर्षानुवर्षे दिली गेली. काहींना उतार पडलाही, पण अनेकांच्या वाट्याला जखम होती तशीच आणि वर चेहऱ्याची सूज, वाढलेली साखर, ठिसूळ हाडे एवढेच आले.

बायोप्सीची काच नीट पाहिली तर वेगळेच दिसते. खऱ्या व्हॅस्क्युलायटिसमध्ये वाहिनीच्या भिंतीत पांढऱ्या पेशी घुसलेल्या असतात आणि त्यांच्या फुटलेल्या केंद्रकांचा चुरा आजूबाजूला पसरलेला असतो. इथे तसले काही नाही. वाहिनीची भिंत गुलाबी, काचेसारखी, एकजिनसी झालेली, मधली वाट फायब्रिनने, म्हणजे गुठळीच्या तंतूंनी, गच्च भरलेली आणि भोवताली दाहाच्या पेशी अगदी तुरळक. घरावर हल्ला झाल्याचे हे चित्र नाही, नळ तुंबल्याचे आहे. १९९८ मध्ये इटलीतील पापी आणि सहकाऱ्यांनी असेही दाखवले की या रुग्णांत रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट, चेतवल्या गेल्याची खूण वाढलेली असते, पण दाह पेटवणारी द्रव्ये व्हॅस्क्युलायटिससारखी वाढलेली नसतात. हळूहळू 'व्हॅस्क्युलायटिस' जाऊन 'व्हॅस्क्युलोपॅथी', म्हणजे रक्तवाहिनीचा विकार, हे नाव रूढ झाले. पुढची सगळी औषधयोजना या बदललेल्या नावाच्या पोटात आहे.

रक्त साकळते कशामुळे

मेयो क्लिनिकच्याच हेअरस्टन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ३२ स्त्रिया होत्या आणि सरासरी वय ४५ होते. त्वचेतला प्राणवायू ज्या २७ जणांत मोजला, त्यांपैकी २० जणांत तो कमी भरला. रक्त गोठण्याच्या तपासण्यांत कुणामध्ये फॅक्टर फाइव्ह लायडन हा जनुकीय बदल सापडला, कुणामध्ये प्रोटीन सी किंवा एसची कमतरता, कुणामध्ये अँटिकार्डिओलिपिन प्रतिपिंडे, कुणामध्ये होमोसिस्टीन या अमिनो आम्लाचे वाढलेले प्रमाण. एकच एक दोष सर्वांत सापडला नाही. काहींच्या तर सगळ्या तपासण्या निर्दोष आल्या.

दुसरा धागा गुठळी विरघळण्याचा. शरीर रक्त गोठवते तसे गोठलेले विरघळवतेही. हे विरघळवणे रोखणारे पीएआय-१ नावाचे प्रथिन काही रुग्णांत वाढलेले आढळले. ब्राझीलमधील क्रियादो यांच्या गटाने लिपोप्रोटीन-ए या रक्तातील मेदकणाकडेही लक्ष वेधले आहे, कारण त्याची रचना गुठळी विरघळवणाऱ्या प्लास्मिनोजेनशी मिळतीजुळती असून ते त्याच्या कामात आड येऊ शकते. नळात कचरा जास्त पडतोय की साफ करणारा हातच आखडलाय, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. उत्तर प्रत्येक रुग्णात वेगळे असू शकते.

पहिली फळी : प्लेटलेट आणि प्रवाह

गुठळीचा विचार नावात यायच्या आधीच काही डॉक्टरांनी तो औषधात आणला होता. ड्रकर आणि डंकन यांनी १९८२ मध्ये ॲस्पिरिन आणि डायपिरिडॅमोल या प्लेटलेटविरोधी जोडीचा अनुभव मांडला. सॅम्स यांनी १९८८ मध्ये आठ रुग्णांना पेंटॉक्सिफायलिन दिले आणि बहुतेकांत सुधारणा नोंदवली. हे औषध तांबड्या पेशींना लवचीक करते, त्यामुळे त्या केसाहून बारीक वाहिन्यांतून सहज सरकतात.

आजही आपल्याकडे निदान झाल्यावर पहिली चिठ्ठी बहुधा याच दोन-तीन गोळ्यांची असते. त्याला कारणही आहे. या गोळ्या स्वस्त आहेत, कुठल्याही तालुक्याच्या औषधाच्या दुकानात मिळतात आणि त्यांचा धोका त्या मानाने कमी आहे. सौम्य आजारात त्यांचा उपयोग होतो, हे अनेक तज्ज्ञ मान्य करतात. पण जखमा वारंवार होत असतील, तर त्या एकट्या पुऱ्या पडत नाहीत. त्यांच्या जोरावर वर्ष-दोन वर्षे रेटत राहिल्याने मोलाचा वेळ जातो, ही तक्रारही रास्त आहे.

रक्त पातळ करणारी औषधे

बोलीभाषेत आपण ज्यांना रक्त पातळ करणारी औषधे म्हणतो ती रक्त पातळ करीत नाहीत, गोठण्याची साखळी मंदावतात. हेपारिनचा वापर या आजारात १९८३ पासून नोंदलेला आहे. पुढे कमी रेणुभाराची हेपारिने, जसे एनॉक्सापॅरिन, आली आणि पोटाच्या कातडीखाली घरच्या घरी सुई घेणे शक्य झाले. जखमा भडकलेल्या असताना लवकर आराम देण्यासाठी त्यांचे नाव आजही अग्रक्रमाने घेतले जाते. अडचण लांबच्या पल्ल्याची आहे. रोजची सुई, पोटावरचे काळेनिळे डाग आणि दीर्घकाळ घेतल्यास हाडे झिजण्याची शक्यता.

वॉरफेरिन ही गोळी हृदयाच्या झडपेचे रुग्ण अनेक वर्षे घेत आले आहेत. लिव्हेडॉइड व्हॅस्क्युलोपॅथीतही तिच्यामुळे जखमा भरल्याचे दाखले आहेत. पण ती सांभाळणे कठीण. दर काही आठवड्यांनी आयएनआर ही रक्ताची तपासणी करावी लागते. मेथी, पालक, कोथिंबीर यांतले के जीवनसत्त्व तिच्या विरुद्ध काम करते, म्हणून पालेभाज्या एकदम वाढवल्या किंवा तोडल्या की मात्रा चुकते. प्रयोगशाळा तीस किलोमीटरवर असलेल्या गावातल्या बाईला हे सांगणे सोपे, पाळणे अवघड.

या पार्श्वभूमीवर रिव्हरोक्सॅबॅन आले. ही गोळी गोठण्याच्या साखळीतल्या दहाव्या घटकाला थेट अडवते आणि तिला आयएनआरची गरज नाही. जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठाच्या गटाने २०१३ मध्ये तीन रुग्णांतला अनुभव प्रसिद्ध केला आणि त्यापाठोपाठ 'रिलिव्हा' नावाची बहुकेंद्री चाचणी हाती घेतली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त आले. जर्मनीतील विद्यापीठ रुग्णालयांतल्या २५ रुग्णांना दिवसातून दोनदा १० मिलिग्रॅम गोळी दिली आणि मुख्य मोजमाप ठेवले वेदनेचे. शून्य ते शंभर या पट्टीवर सुरुवातीला मध्यक वेदना ६५ होती. बारा आठवड्यांनी ती ६ वर आली.

या आजाराच्या इतिहासात एवढ्या शिस्तीने मोजलेले औषध क्वचितच सापडेल, म्हणून रिलिव्हाचे महत्त्व मोठे आहे. तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. कोणते औषध चालले आहे ते रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही ठाऊक होते. आजार स्वतःहूनही चढउतार करतो आणि वेदना हे मोजमाप शेवटी रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून आहे. सर्व रुग्ण शेवटपर्यंत टिकले नाहीत. काही स्त्रियांत मासिक पाळीतला रक्तस्राव वाढला. आपल्याकडे हा शेवटचा मुद्दा विशेष लक्षात ठेवायला हवा, कारण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आहे. गोळी सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन पाहणे आणि पाळीबद्दल मोकळेपणाने विचारणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

आणखी एक इशारा दुसऱ्या आजाराकडून आला. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम या गुठळ्यांच्या आजारात रिव्हरोक्सॅबॅनची वॉरफेरिनशी तुलना करणारी 'ट्रॅप्स' ही इटालियन चाचणी २०१८ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण रिव्हरोक्सॅबॅनच्या गटात गुठळ्या जास्त झाल्या. पायावरची निळी जाळी आणि व्रण या सिंड्रोममध्येही दिसतात. म्हणून त्याच्याशी संबंधित अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची तपासणी केल्याशिवाय ही गोळी सुरू करू नये, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. ॲपिक्सॅबॅन, डॅबिगॅट्रान, एडोक्सॅबॅन या बहिणींचा अनुभव अजून तुरळक रुग्णांपुरता आहे.

साकळलेले विरघळवणारी औषधे

मेयो क्लिनिकच्या क्लाइन आणि पिट्टेल्को यांनी १९९२ मध्ये धाडसी वाट धरली. हार्ट अटॅकमध्ये गुठळी फोडणारे टीपीए हे औषध त्यांनी सहा हट्टी रुग्णांना दिले, मात्र अगदी कमी मात्रेत. रोज १० मिलिग्रॅम, चार तासांत शिरेवाटे, चौदा दिवस. सहापैकी पाच जणांत लक्षणीय सुधारणा झाली. पण औषध महाग, रुग्णालयात राहणे भाग आणि रक्तस्रावाची भीती. त्यामुळे ही वाट अगदी निवडक रुग्णांपुरती राहिली.

त्याच विचाराची गोळीरूपी वाट म्हणजे डॅनाझोल आणि स्टॅनोझोलोल. पुरुषी संप्रेरकांच्या कुळातली ही औषधे शरीराची गुठळी विरघळवण्याची क्षमता वाढवतात, शिवाय लिपोप्रोटीन-ए कमी करतात. तैवानमध्ये १९९७ मध्ये सात रुग्णांना रोज २०० मिलिग्रॅम डॅनाझोल दिल्यावर बहुतेकांना लवकर आराम पडला. पण या आजाराच्या रुग्णांत तरुण स्त्रियांची संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठी चेहऱ्यावर लव, आवाज जाड होणे, पाळी बिघडणे, यकृतावर ताण ही किंमत लहान नाही, आणि गरोदरपणात तर हे औषध वर्ज्यच आहे. लिपोप्रोटीन-ए वाढलेले आहे आणि इतर औषधे थकली आहेत, अशा निवडक रुग्णांत त्याला जागा आहे, असे त्याचे समर्थकही म्हणतात.

प्रतिकारशक्तीच्या बाजूने

गुठळीचा सिद्धान्त रुळला, तरी दोन गोष्टी त्यात नीट बसत नव्हत्या. रक्तवाहिन्यांच्या भोवतीचा दाह थोडा असला तरी असतो आणि काही रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या औषधांना दाद देत नाहीत. जर्मनीतील क्रॉयटर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये नऊ रुग्णांना दर महिन्याला इम्युनोग्लोब्युलिन शिरेवाटे दिले. वेदना आणि व्रण दोन्ही कमी झाले. व्हिएन्नातल्या अकरा रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा २०१४ मध्ये आला. औषध थांबले की आजार उलटू शकतो, पण पुन्हा दिले की पुन्हा दाद देतो, असे त्यातून दिसले.

अनेक रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेले हे प्रतिपिंडांचे मिश्रण गुठळीच्या आजारात काम कसे करते, हे पुरते उलगडलेले नाही. विरोधाभास असा की याच इम्युनोग्लोब्युलिनच्या वेष्टनावर २०१३ पासून अमेरिकेत गुठळ्यांच्या धोक्याचा ठळक इशारा आहे. दुसरा प्रश्न पैशांचा. दर किलो वजनामागे २ ग्रॅमची मात्रा धरली तर ६० किलोच्या व्यक्तीला एका फेरीत १२० ग्रॅम लागते. आपल्याकडे एका फेरीचा खर्च लाखाच्या वर जातो, आणि फेऱ्या एकापेक्षा जास्त लागतात.

अलीकडे चीनमधून, जिथे या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने नोंदले जात आहेत, दाह आवरणारी टीएनएफविरोधी इंजेक्शने आणि बॅरिसिटिनिब, टोफॅसिटिनिब या जेएके रोधक गोळ्यांचे अनुभव येऊ लागले आहेत. हट्टी रुग्णांत लवकर उतार पडल्याचे त्यात म्हटले आहे. पण हे अनुभव लहान मालिकांचे आहेत. शिवाय जेएके रोधकांवर २०२१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने गुठळ्यांबाबतचा इशारा कडक केला, आणि टीएनएफविरोधी औषधे सुप्त क्षय जागा करू शकतात. क्षयाचे ओझे वाहणाऱ्या देशात ही गोष्ट छातीचा एक्स-रे काढून फाइलला लावण्यापुरती नाही.

कारण सापडले तर : पुण्याचा एक धागा

काही रुग्णांत उपचार कारणातच दडलेला असतो. होमोसिस्टीन वाढलेले असेल तर फोलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ द्यावे, असे जवळपास प्रत्येक आढाव्यात लिहिलेले असते. पाश्चात्त्य ग्रंथात ही ओळ शेवटी येते. महाराष्ट्रात ती वर आणण्याचा विचार व्हायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या मिळून ४४१ पुरुषांना तपासले होते. त्यांपैकी ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होते आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेले होते.

हा अभ्यास पायाच्या जखमांचा नव्हता, सर्वसामान्य माणसांचा होता. म्हणूनच तो इथे दोन गोष्टी शिकवतो. पहिली, आपल्या रुग्णात होमोसिस्टीन वाढलेले सापडले म्हणजे जखमेचे कारण सापडले, असे मानण्याची घाई करू नये, कारण शेजारच्या निरोगी माणसातही ते वाढलेले असू शकते. दुसरी, तपासणी आणि बी-१२ची सुई इतकी स्वस्त आहे की कमतरता तशीच ठेवण्याला निमित्त उरत नाही. मात्र होमोसिस्टीन उतरवल्याने गुठळ्या टळतातच, असेही धरून चालता येणार नाही. मोठ्या शिरांतल्या गुठळ्या पुन्हा होऊ नयेत म्हणून ही जीवनसत्त्वे देणाऱ्या 'व्हिट्रो' या युरोपीय चाचणीत, २००७ मध्ये, फायदा दिसला नव्हता.

जनुकीय तपासण्यांचे गणितही आपल्याकडे वेगळे आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत फॅक्टर फाइव्ह लायडन बऱ्यापैकी आढळतो, भारतीयांत तो कमी आहे आणि प्रोथ्रोम्बिनचा तसला बदल त्याहूनही विरळा. परदेशी यादी जशीच्या तशी उचलून सगळ्या महागड्या तपासण्या एकदम लिहिण्यापेक्षा, अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे आणि होमोसिस्टीन यांच्यापासून सुरुवात करणे इथे अधिक सयुक्तिक वाटते.

औषधाच्या जोडीला

दाबयुक्त कक्षात शुद्ध प्राणवायू देणाऱ्या हायपरबॅरिक उपचाराने काही रुग्णांच्या जखमा काही आठवड्यांत भरल्या, पण नंतर आजार उलटल्याच्याही नोंदी आहेत. सोरॅलेन आणि अतिनील किरणांचा उपचारही काही मालिकांत उपयोगी ठरला आहे. शिरांचा दोष सोबत असेल तर पायाला पट्टी किंवा दाबाचे मोजे मदत करतात. तंबाखू सोडणे हे तर सगळ्यांना सांगावे लागते.

वेदनेचा विचार वेगळा करावा लागतो. वाहिनी बुजली की त्वचेलगतच्या नसांचेही रक्त तुटते. त्यामुळे जखम भरल्यावरही जळजळ, मुंग्या, सुईसारखी टोचणी राहते. इथे साध्या वेदनाशामक गोळ्या पुरत नाहीत, प्रीगाबॅलिन किंवा गॅबापेंटिनसारखी नसांच्या वेदनेची औषधे लागतात. "जखम तर भरलीय, मग दुखतं कशाला?" असे घरात ऐकून घेणाऱ्या बाईला हे कळणे, आणि घरच्यांनाही कळणे, गोळीइतकेच गरजेचे आहे.

तज्ज्ञांचे तीन कल

आजच्या घडीला मते साधारण तीन बाजूंनी झुकलेली दिसतात.

पहिली बाजू म्हणते : आजार गुठळीचा आहे, तेव्हा रक्त पातळ करणारे औषध पहिले. मिसिएली आणि अलावी यांनी २०१८ मध्ये 'जामा डर्मटॉलॉजी'त केलेल्या पद्धतशीर आढाव्यात २९ अभ्यासांतील ३३९ रुग्णांचा अनुभव एकत्र आणला. त्यात सर्वाधिक वापरलेला आणि दाद देणारा उपचार रक्त पातळ करणाऱ्या औषधांचाच होता. जर्मन तज्ज्ञांच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनाही कमी रेणुभाराचे हेपारिन किंवा रिव्हरोक्सॅबॅन आधी आणि ते पुरले नाही तर इम्युनोग्लोब्युलिन, असा क्रम सुचवतात.

दुसरी बाजू म्हणते : गुठळी खरी, पण वाहिनीचे अस्तर आणि प्रतिकारशक्तीही खेळात आहेत. नाहीतर रक्ताच्या सगळ्या तपासण्या निर्दोष असलेल्या माणसाला हा आजार होतोच कसा, आणि इम्युनोग्लोब्युलिनला तो दाद का देतो? यावर पहिल्या बाजूचे उत्तर असे की दंडाच्या शिरेतून काढलेल्या रक्तात घोट्याच्या वाहिनीतला बिघाड दिसेलच असे नाही.

तिसरी बाजू दोघांच्या मध्ये उभी आहे : प्रत्येक रुग्णात दोष शोधा आणि त्याप्रमाणे औषध निवडा. लिपोप्रोटीन-ए वाढलेले असेल तर डॅनाझोल, होमोसिस्टीन असेल तर जीवनसत्त्वे, अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे असतील तर वॉरफेरिन. तर्काला ही मांडणी पटते. पण दोष पाहून निवडलेल्या औषधाने सरसकट दिलेल्या औषधापेक्षा निकाल चांगला मिळतो, हे दाखवणारी तुलना अजून झालेली नाही.

तिन्ही बाजूंचे एका गोष्टीवर एकमत आहे. निदान लांबले की सगळेच बिघडते. आपल्याकडे तर घोट्यावरच्या जखमेची कारणे कितीतरी आहेत. उभ्याने काम करणाऱ्यांचे व्हेरिकोज व्रण आहेत, मधुमेह आहे, विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे व्रण आहेत. कुष्ठरोगातला व्रण बहुधा तळपायावर आणि बधिर असतो, लिव्हेडॉइड व्हॅस्क्युलोपॅथीतला घोट्यापाशी आणि असह्य दुखणारा. दुखण्याच्या मानाने जखम लहान, शेजारी पांढरा चांदणीसारखा वण आणि वरची निळसर जाळी, ही तीन लक्षणे एकत्र दिसली की ताज्या जांभळ्या ठिपक्याच्या कडेची खोल बायोप्सी घ्यायला हवी.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न, औषध किती दिवस? वेदना थांबल्यावर गोळी बंद करावी, मात्रा कमी करून चालू ठेवावी, की ज्या ऋतूत जखमा उठतात तेवढ्यापुरती द्यावी? रिलिव्हाची मुदत बारा आठवड्यांची होती आणि रुग्णाचे आयुष्य बारा आठवड्यांचे नसते.

दुसरा, कोणते औषध कोणापेक्षा सरस? रिव्हरोक्सॅबॅन आणि हेपारिन, किंवा रिव्हरोक्सॅबॅन आणि इम्युनोग्लोब्युलिन, यांना समोरासमोर ठेवणारी मोठी चाचणी नाही. स्वस्त पेंटॉक्सिफायलिनशी तर कुणाचीच नीट तुलना झालेली नाही. २०२०च्या अखेरीस भारतात रिव्हरोक्सॅबॅनचे पेटंट संपले आणि ते स्वस्त झाले, तेव्हा ही तुलना आपल्याकडे व्हावी याला आता जास्त कारण आहे.

तिसरा, गरोदरपणाचा. वॉरफेरिन, रिव्हरोक्सॅबॅन, डॅनाझोल ही तिन्ही तेव्हा चालत नाहीत, हेपारिनची सुई चालते. ज्या आजारात तरुण स्त्रिया जास्त, तिथे हा प्रश्न तळटीपेत ठेवण्यासारखा नाही. औषध सुरू करतानाच तो बोलला गेला पाहिजे.

चौथा, मोजायचे काय? एका अभ्यासात वेदना मोजली, दुसऱ्यात जखमेचा आकार, तिसऱ्यात डॉक्टरांचे 'चांगली सुधारणा' एवढेच शब्द. म्हणून लहान लहान मालिका एकत्र ठेवल्या तरी त्यांची बेरीज होत नाही. ३३९ रुग्णांचा अनुभव हाताशी असूनही ठाम सांगता येते ते थोडेच, याचे मोठे कारण हे आहे.

पुढची पायरी

लाखात एकाला होणाऱ्या आजारात एका शहरात, एका रुग्णालयात मोठी चाचणी उभी राहणार नाही. 'इंडियन जर्नल ऑफ डर्मटॉलॉजी, व्हेनेरिऑलॉजी अँड लेप्रॉलॉजी'ने २०१६ मध्ये या आजारावर सविस्तर आढावा छापला, म्हणजे आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांना त्याची जाण आहे. हवी आहे ती एकाच पद्धतीने ठेवलेली नोंद. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या बाह्यरुग्ण विभागांत विखुरलेले रुग्ण एका यादीत आले तर वर्षभरात जे कळेल, ते आज कुणा एकट्या डॉक्टरला आयुष्यभरात कळणार नाही.

ही नोंद रुग्णाच्या घरातूनही सुरू होऊ शकते. रोज संध्याकाळी एका वहीत वेदनेचा शून्य ते दहा असा आकडा. दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून जखमेचा फोटो. औषध कधी सुरू झाले, कधी चुकले, पाळी कधी आली, याच्या तारखा. रिलिव्हाने वेदनेवर नजर ठेवली, कारण वाहिनी बुजली की पहिली खबर वेदनाच देते, जखम नंतर उघडते. वहीतला आकडा चार दिवस सलग चढला तर नवा जांभळा ठिपका उठण्याआधी डॉक्टरांकडे जाता येते. आणि तपासणीच्या टेबलावर ती वही उघडली गेली, तर 'बरं वाटतंय का?' या प्रश्नाला पहिल्यांदाच मोजता येईल असे उत्तर मिळते.